अंध आणि बधिरांध सहकाऱ्यांसोबत काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मनुष्यबळ विभागातले लोक विचारतात, साहेब मंडळी विचारतात, शेजारच्या टेबलावरचे विचारतात, आणि कधी कधी ज्यांची दृष्टी नुकती कमी व्हायला लागली आहे असे कर्मचारीही विचारतात. मी स्वतः अंध आहे आणि बरीच वर्षं कार्यालयांत काढली आहेत, त्यामुळे उत्तरांत थोडा अनुभव आणि थोडी कुरकुर दोन्ही सापडेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डोळस माणसाला कामाच्या ठिकाणी निम्मी माहिती फुकटात मिळते: कोण आलं, कोणाची खुर्ची रिकामी आहे, फळ्यावर काय लिहिलंय, साहेबांचा चेहरा कसा आहे. अंध माणसापर्यंत ती उशिरा पोचते. बधिरांध, म्हणजे दिसणं आणि ऐकू येणं दोन्ही कमी असलेल्या, माणसापर्यंत तर कोणी पोचवली तरच पोचते. खालच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

अंध म्हणजे अजिबात काहीच न दिसणारा माणूस का?

बहुतेकदा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असली, किंवा दृष्टीचं क्षेत्र फारच अरुंद असलं, की ते अंधत्व धरलं जातं. ३/६० पेक्षा कमी म्हणजे, निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून जे ओळखता येतं, ते या व्यक्तीला ३ मीटरवर आणलं तरी नीट ओळखता येत नाही. त्यातही कोणाला फक्त उजेड-अंधार कळतो, कोणाला कडेचं दिसतं पण समोरचं नाही, तर कोणाला नळीतून पाहिल्यासारखं फक्त मधलं दिसतं.

या शेवटच्या प्रकारामुळे कार्यालयात सगळ्यात जास्त गैरसमज होतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात आधी रात्रीचं दिसणं कमी होतं, मग कडेची दृष्टी जाते. मधला छोटा तुकडा पुष्कळदा बरीच वर्षं शाबूत राहतो. म्हणजे हा माणूस पांढरी काठी टेकत येतो आणि जागेवर बसून मोबाईलवरचा मजकूर वाचतो. लगेच कुजबुज सुरू होते, "नाटक करतोय." तो नाटक करत नसतो. मोबाईल त्या नळीत मावतो. वाटेत ठेवलेली कचऱ्याची टोपली मावत नाही.

बधिरांध म्हणजे अंधत्व अधिक बहिरेपण, एवढंच ना?

ही बेरीज इतकी सरळ नाही. अंध माणूस कानांवर भिस्त ठेवतो, कर्णबधिर माणूस डोळ्यांवर. दोन्ही कमी असतील तर एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. म्हणूनच बधिरांधत्व हे स्वतंत्र अपंगत्व मानावं असा आग्रह धरला जातो.

बहुतेक बधिरांध व्यक्तींना थोडं दिसतं, थोडं ऐकू येतं, किंवा दोन्ही थोडं थोडं असतं. अनेकांना अशर सिंड्रोम असतो. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांनी १९१४ मध्ये तो आनुवंशिक असल्याचं मांडलं. त्याच्या पहिल्या प्रकारात व्यक्ती जन्मतः कर्णबधिर असते आणि लहानपणापासून दृष्टी कमी होत जाते, त्यामुळे तिची पहिली भाषा बहुधा सांकेतिक भाषा असते. दुसऱ्या प्रकारात जन्मापासून कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र लावून व्यक्ती बोलते-ऐकते आणि दृष्टी पुढे कमी होते. दोघांचंही निदान एकाच नावाचं, पण एकाला दुभाषी लागेल आणि दुसऱ्याला शांत खोली आणि चांगला मायक्रोफोन. त्यामुळे "बधिरांध कर्मचाऱ्याला काय लागतं?" या प्रश्नाचं सरसकट उत्तर देता येत नाही.

बधिरांधांच्या जागतिक महासंघाने २०१८ मध्ये काढलेल्या अहवालात त्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या ०.२ ते २ टक्के असल्याचं म्हटलं आहे.

कोणता शब्द वापरावा? अंध, दृष्टिबाधित, दृष्टिहीन, दिव्यांग?

त्या व्यक्तीला विचारा. मला "अंध" चालतं, माझ्या एका मैत्रिणीला "अल्पदृष्टी" हवं असतं. आणि "बघितलंस का?", "उद्या भेटू, बघू" हे बिनधास्त म्हणा. आम्हीही सिनेमा "बघतो".

काहीच दिसत नसेल तर संगणकावर काम कसं होतं?

स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर, बटणं आणि याद्या बोलून दाखवतो, आणि सगळी कामं कीबोर्डवरून होतात. विंडोजवर एनव्हीडीए आणि जॉज जास्त चालतात, मॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक, लिनक्सवर ऑर्का. यातला एनव्हीडीए मोफत आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह त्यात आले, आणि दोघेही अंध. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक आवाज मराठीही वाचतो. यंत्रासारखा आहे, पण वेग वाढवला तरी शब्द सुटे राहतात. सरावलेला माणूस इतक्या वेगाने ऐकतो की शेजारच्याला तो नुसता खरखराट वाटतो.

दुसरं साधन ब्रेल डिस्प्ले. कीबोर्डपुढे ठेवायच्या या पट्टीवर छोट्या खुंट्या वरखाली होतात आणि पडद्यावरची ओळ बोटांखाली उमटते. लुई ब्रेल यांच्या मूळ लिपीत सहा ठिपके आहेत, संगणकाच्या ब्रेलमध्ये आठ, म्हणजे २५६ आकार. कार्यालयात ४० खणांची, म्हणजे एका वेळी ४० आकार दाखवणारी, पट्टी पुष्कळ दिसते, खिशात मावणाऱ्याही मिळतात. हिशेब, प्रोग्रामचा कोड, शुद्धलेखन तपासणं अशा कामांत कानापेक्षा बोट जास्त भरवशाचं. बधिरांध व्यक्तीसाठी तर संगणक, मोबाईल आणि पलीकडचं सगळं जग याच पट्टीतून येऊ शकतं.

ज्यांना थोडं दिसतं ते अक्षरं मोठी करतात, रंग उलटे करतात, काळ्यावर पांढरं किंवा पिवळं वाचतात. त्यांच्या डोक्यावरचा झगमगता दिवा तेवढा हलवा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

आमचं सॉफ्टवेअर त्यांना वापरता येईल की नाही, हे आम्ही कसं ओळखायचं?

माऊस काढून ठेवा आणि फक्त कीबोर्डवर तुमचं नेहमीचं काम करून बघा. टॅब दाबत पुढे जा. कुठे अडकलात, कर्सर कुठे आहे हेच कळेनासं झालं, तर तिथे अंध कर्मचारीही अडकणार. मग एनव्हीडीए चालू करून तेच पुन्हा करा. "बटण, बटण, बटण" एवढंच ऐकू आलं तर बटणांना नावं दिलेली नाहीत असं समजा.

रीतसर मोजमाप हवं असेल तर डब्ल्यूसीएजी हे संकेतस्थळांच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. करार करताना "दुहेरी ए पातळी" मागावी. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट हवा, ही अट याच पातळीतली. खरेदीच्या आधी मागा. सॉफ्टवेअर घेऊन झाल्यावर विक्रेता "पुढच्या आवृत्तीत करू" म्हणतो, आणि ती पुढची आवृत्ती माझ्या अख्ख्या नोकरीत आलेली नाही.

संकेतस्थळाच्या कोपऱ्यात एक चिन्ह बसवलं की सगळं सुलभ होतं असं सांगून विकली जाणारी जोडसाधनं असतात, त्यांच्या नादी लागू नका. मुळातला कोड वाईट असेल तर वरून लावलेल्या थराने तो सुधारत नाही, उलट कधी कधी तो थरच आमच्या स्क्रीन रीडरच्या आड येतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर दोन गोष्टी रोज नडतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. त्यातली अक्षरं ओळखून मजकूर केल्याशिवाय स्क्रीन रीडरला तिथे कोरा कागद दिसतो. आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर पडद्यावर कितीही देखणा दिसला, तरी स्क्रीन रीडर त्यामागची मूळ रोमन चिन्हं वाचतो. ते ऐकण्यात कसलीच मजा नाही.

एक प्रसंग सांगतो. मी होतो त्या एका कार्यालयात रजेचा अर्ज ऑनलाइन करायचा असे, आणि "सादर करा" या बटणापर्यंत कीबोर्ड पोचतच नसे. म्हणून दर वेळी शेजाऱ्याला बोलवायचं. रजेचं कारण त्याच पानावर लिहिलेलं. माझ्या डॉक्टरकडच्या फेऱ्या अख्ख्या विभागाला पाठ होत्या. लोक याला "छोटी तांत्रिक अडचण" म्हणत.

आता एआय फोटो बघून वर्णन सांगतं. मग एवढा खटाटोप कशाला?

मी ती साधनं रोज वापरतो. बी माय आईज हे ॲप २०१५ मध्ये आलं तेव्हा पलीकडे डोळस स्वयंसेवक असायचा. २०२३ पासून त्यात एआयही आहे. पाकिटावरचं नाव वाचायला, दोन वायरींमधली लाल कुठली ते विचारायला झकास. पण ग्राहकाची कागदपत्रं किंवा पगाराचा तक्ता बाहेरच्या माणसाला किंवा बाहेरच्या सर्व्हरला दाखवणं तुमच्या गोपनीयतेच्या नियमांत बसतं का, हे आधी ठरवा आणि कर्मचाऱ्याला लेखी सांगा. शिवाय एआय चुकतं तेव्हा अडखळत नाही. चुकीचा आकडाही त्याच ठामपणे सांगतं, आणि पडताळून बघायला माझ्याकडे डोळे नाहीत.

मुलाखत कशी घ्यावी?

बोलावतानाच सगळ्या उमेदवारांना एक वाक्य लिहा: "मुलाखतीसाठी किंवा चाचणीसाठी काही सोय लागणार असेल तर कळवा." म्हणजे कोणाला आपणहून तोंड उघडावं लागत नाही.

ऑनलाइन चाचणी स्क्रीन रीडरवर चालते का ते आधी तपासा. वेळेचं गणितही बघा. तक्ता डोळ्यांनी एका नजरेत कळतो, कानाने एकेक घर फिरावं लागतं, म्हणून जादा वेळ. उमेदवार बधिरांध असेल आणि दुभाष्यामार्फत बोलणार असेल तर मुलाखतीलाही जास्त वेळ ठेवा. बोला उमेदवाराशी. "त्यांना विचारा, त्यांना हे जमेल का?" असं दुभाष्याकडे बघून म्हणायचं नाही.

"तुम्ही इथपर्यंत कसे आलात?", "घरी कोण करतं तुमचं?" हे प्रश्न नकोत. "हे काम तुम्ही कसं कराल?" हा प्रश्न उत्तम. त्याचं उत्तर आमच्याकडे तयार असतं.

त्यांना कोणती कामं देता येतात?

गाडी चालवायला देऊ नका. बाकी पदाचं काम काय आहे ते लिहून काढा आणि माणसाशी बोला. टेलिफोन ऑपरेटर आणि खुर्च्या विणणं याच्या पुढे जग कधीच गेलंय. टी. व्ही. रामन हे अंध संगणकशास्त्रज्ञ, त्यांनी एमॅकस्पीक हा बोलणारा डेस्कटॉप लिहिला आणि पुढे गूगलमध्ये काम केलं. हाबेन गिर्मा या बधिरांध वकील २०१३ मध्ये हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातून बाहेर पडल्या, तिथून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या बधिरांध. ही नावं सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की प्रत्येक अंध उमेदवार असाच असामान्य हवा. डोळसांमध्ये साधारण काम करणाऱ्यांना नोकऱ्या मिळतात. आमच्यातल्या साधारणांनाही मिळाव्यात.

बैठकीत काय काळजी घ्यायची?

सादरीकरण आदल्या दिवशी पाठवा. व्हिडिओ बैठकीत तुम्ही पडदा शेअर करता तेव्हा समोरच्याच्या स्क्रीन रीडरला ते फक्त चित्र असतं, त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. फाईल आधी आली तर मी माझ्या यंत्रावर ती उघडून सोबत चालतो. ऐन वेळी आली तर तुमचं बोलणं आणि स्क्रीन रीडरचं बोलणं एकाच कानात भांडतात. चॅटमध्ये धडाधड येणाऱ्या संदेशांचंही तेच. महत्त्वाचं असेल ते कोणीतरी तोंडाने सांगा.

"इथे बघा, हा आकडा इथून इथपर्यंत गेला" याऐवजी "विक्री मार्चपर्यंत वाढली, एप्रिलमध्ये निम्म्यावर आली" म्हणा. यात डोळसांचाही फायदा होतो, कारण निम्मे जण मोबाईलमध्ये बघत असतात. बोलण्याआधी आपलं नाव सांगा. मान हलवून होकार दिला तर तो मला पोचत नाही.

बधिरांध सहकाऱ्याशी बोलायचं कसं?

आधी खांद्यावर किंवा दंडावर हलकेच हात ठेवा आणि तो तसाच राहू द्या. तुम्ही आलात हे त्याला कळायला थोडा वेळ द्या. मग आपण कोण ते सांगा. काही जण प्रत्येक सहकाऱ्याला एक स्पर्शनाव देतात: कोणाचं घड्याळ, कोणाची अंगठी, कोणाची वेणी.

पुढचं माणसागणिक बदलतं. ज्याची सांकेतिक भाषा पक्की आहे तो बोलणाऱ्याच्या हातांवर आपले हात ठेवून खुणा वाचतो. ज्याची नळीसारखी दृष्टी शिल्लक आहे त्याला खुणा छातीजवळ, लहान चौकटीत आणि साध्या गडद कपड्यांवर हव्या असतात, म्हणून दुभाषी फुलाफुलांचा शर्ट घालत नाहीत. कोणी तळहातावर बोटाने काढलेली अक्षरं वाचतं. जर्मन भाषिक भागात लोर्म पद्धत चालते, १८८१ मध्ये हिएरोनिमस लोर्म यांनी ती बसवली, आणि तिच्यात हाताचा प्रत्येक बिंदू किंवा रेघ म्हणजे एक अक्षर. सिएटलमधल्या बधिरांध मंडळींनी २००७ च्या सुमारास प्रोटॅक्टाइल ही संपूर्ण स्पर्शावर उभी असलेली पद्धत घडवायला घेतली. तिच्यात ऐकणारा बोलणाऱ्याच्या मांडीवर किंवा हातावर थोपटून "हं, हं" म्हणतो. आपण मान डोलावतो तसंच ते.

यातलं काहीच येत नसेल तर टाइप करा. तुम्ही कीबोर्डवर लिहा, समोरचा ब्रेल डिस्प्लेवर वाचेल. हाबेन गिर्मा लोकांशी अशाच बोलतात. कार्यालयात ही सोय उभी करायला एक ब्लूटूथ कीबोर्ड पुरतो. अर्थात डिस्प्ले त्या व्यक्तीकडे असला पाहिजे आणि तिला ब्रेल येत असलं पाहिजे. दृष्टी उशिरा गेलेल्या सगळ्यांना ते येतंच असं नाही.

आणि जाताना "जातो" म्हणून सांगा. न सांगता निघून गेलात तर तो माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. हे अंध सहकाऱ्याच्या बाबतीतही लागू. माझ्या बाबतीत तर महिन्यातून दोनदा घडतं.

बैठकीला दुभाषी बोलावला की झालं ना?

दोन बोलवा. हातात हात धरून दुभाषण करणं अंगमेहनतीचं काम आहे, साधारण १५ ते २० मिनिटांनी त्यांना आळीपाळी लागते. बधिरांध व्यक्तीचेही हात, खांदे आणि डोकं थकतं, म्हणून सगळ्यांसाठीच मध्ये विश्रांती ठेवा. विषयपत्रिका, नावं आणि तांत्रिक शब्द दुभाष्यांना आधी द्या.

निरोप एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या हातांत आणि तिथून तिसऱ्याच्या हातांत जाईपर्यंत काही क्षण जातात. "कोणाला काही बोलायचंय?" असं विचारून लगेच पुढे सरकलात, तर बधिरांध सहकाऱ्याला तुमचा प्रश्न पोचतो तेव्हा विषय बदललेला असतो. पाच सेकंद थांबा. गप्प बसणं अवघड जातं खरं, पण सवय होते. चांगला दुभाषी शब्दांखेरीज खोलीतलं वातावरणही सांगतो: कोण आत आलं, कोण हसलं, कोण घड्याळ बघतंय. काही जण हे पाठीवर किंवा दंडावर ठरलेल्या स्पर्शखुणांनी सांगतात, म्हणजे मुख्य संभाषण तुटत नाही.

वाट दाखवायची असेल तर?

"मदत हवी का?" विचारा. हो म्हटलं तर आपलं कोपर पुढे करा, आम्ही ते धरतो आणि अर्धं पाऊल मागून चालतो. दंड धरून ढकलू नका, काठी ओढू नका, मार्गदर्शक कुत्रा कामावर असताना त्याला हात लावू नका. जिना आला की चढायचा की उतरायचा ते सांगा. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट उघडं दार नेमकं कपाळावर येतं.

आणि कृपा करून "ओळखा पाहू मी कोण?" हा खेळ बंद करा.

आग लागली तर?

हे आधी ठरवा आणि सराव करा. अंध व्यक्तीला भोंगा ऐकू येतो, पण त्याच गोंगाटात तिची दिशा ओळखायची सगळी साधनं बुडतात. म्हणून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा शांत वेळी पायाखालून गेलेल्या हव्यात. बधिरांध व्यक्तीसाठी भोंग्याला जोडलेला, अंगावर बाळगायचा कंपन-पेजर हवा. सोबतीला दोन सहकारी नेमा, दोन अशासाठी की एक नेमका त्या दिवशी रजेवर असतो. पाठीवर बोटाने मोठी फुली काढणं ही बऱ्याच ठिकाणी आपत्कालीन खूण म्हणून वापरली जाते: आत्ता प्रश्न नकोत, माझ्यासोबत चल. ती खूण त्या सहकाऱ्याला आणि आसपासच्या सगळ्यांना माहीत असू द्या. एकट्या सुरक्षारक्षकाला माहीत असून उपयोग नाही.

कामाचं मूल्यमापन करताना थोडं सांभाळून घ्यावं का?

नको. साधनं नीट द्या, मग मोजपट्टी तीच ठेवा. "तुमच्या मानाने छान केलंत" या शाबासकीवर पुढची बढती मिळत नाही. मात्र सॉफ्टवेअर उघडतच नाही म्हणून काम अडलं असेल, तर तो दोष त्या माणसाच्या खात्यात टाकू नका.

खर्च फार येतो का?

स्क्रीन रीडर संगणकात आणि मोबाईलमध्ये आधीपासून असतात. फाईल आधी पाठवायला काही लागत नाही. ब्रेल डिस्प्ले आणि दुभाषी मात्र खरोखर महाग आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांची तरतूद कंपनीच्या मध्यवर्ती खर्चात करा. विभागाच्या खर्चात टाकली की विभागप्रमुख मुलाखतीतच मनात बेरीज करायला लागतो.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये मंजूर झाला. त्यातलं २७ वं कलम काम आणि रोजगाराविषयी आहे, त्यात कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी देण्याचंही सांगितलं आहे, आणि कारण नसताना त्या नाकारणं हा भेदभाव ठरतो.

आमच्याकडच्याच एका जुन्या कर्मचाऱ्याची दृष्टी जाते आहे. काय करावं?

आधी घाई करू नका. या काळात माणूस लपवतो: बैठकीत चष्मा विसरलो म्हणतो, फाईल घरी नेतो, रात्री दुप्पट वेळ बसून तेच काम उरकतो. त्याला एकट्याला गाठून विचारा, आणि जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ देऊ नका. काठीने चालायचं आणि स्क्रीन रीडरचं प्रशिक्षण घ्यायला काही महिने जातात, तेवढी रजा किंवा अर्धवेळ काम द्या. शिकून परत आला की सुरुवातीला मंद असेल. वीस वर्षांचं कामाचं ज्ञान डोळ्यांत साठलेलं नसतं, ते आहे तिथेच असतं.

कार्यालयाच्या ग्रुपवर सगळे फोटोच टाकतात. त्याचं काय?

खाली एक ओळ लिहा. "ग्रुप फोटो" हे वर्णन नाही. "सगळे जिन्यावर उभे, पुढे नवीन आलेले तिघे, आणि मागून कोणीतरी साहेबांना शिंगं दाखवतंय" हे वर्णन. फोटो टाकतानाच लिहा, संध्याकाळी विचारल्यावर नको. सगळ्यांचं हसून झाल्यावर विनोद कळला की आता हसायचं की नाही, हेच समजत नाही.